बट्टा आणि भजन

मराठीत 'बट्टा' हा शब्द सहसा कोणाच्या गौरवार्थ येत नाही. कुळाच्या नावाला बट्टा लागतो, हुंडीवर बट्टा पडतो, आणि तो लागू वा पडू नये अशीच भल्या गृहस्थाची खटपट असते. परंतु वाद्यविद्येत याच नावाची एक वस्तू आहे व तिची कीर्ती अगदी उलट आहे. विचित्रवीणेच्या तारांवरून वादक काचेचा जो गुळगुळीत गोळा फिरवितो, त्यास बट्टा म्हणतात. या वीणेवर बोटाने तार दाबावयाची नसते. तारेवर बट्टा टेकवून तो सरकविला की स्वर एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी ओघळत जातो, मधली एकही पायरी वगळीत नाही. या ओघळण्यासच आपले गवई मींड म्हणतात. या महिन्यात आम्हांस लिहावयाचे आहे ते या बट्ट्याच्या एका पोलादी भावंडाविषयी, आणि ते हाती धरून रविवारच्या उपासनेत साथीस बसू पाहणाऱ्या दिघीच्या एका नवशिक्या तरुणाविषयी.

हा तरुण आमच्यापाशी शाळेत तीन वर्षे संस्कृत शिकला. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले (त्या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे). आजोबा तिकडच्या ख्रिस्ती भजनी मेळ्यात पेटी वाजवीत. नातू चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहे व दिघीस बिऱ्हाड करून राहतो. दिघी हे आळंदीहून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवरचे गाव; ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी याच वाटेने पुण्यास जाते. आता ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून लष्कराच्या संस्था एका अंगाला व भोसरी-चाकणचे कारखाने दुसऱ्या अंगाला, अशा बेचक्यात वसले आहे. साहजिकच तेथील वस्ती नाना प्रांतांची. ज्या लहानशा मंडळीत हा तरुण जातो तिच्यात नगरकडची मराठी कुटुंबे आहेत, केरळची आहेत, ईशान्येकडील डोंगराळ मुलखांतील लष्करी शिपाईही आहेत. उपासनेस तबला, पेटी, ढोल-झांजांचा विलायती संच, विजेवर चालणारे कळफलकाचे वाद्य व दोन गिटारी असतात. त्यांत या गृहस्थाने, परदेशाहून परतलेल्या एका नातलगाकडून जुनी मिळालेली, पेडल स्टील गिटार नेऊन ठेवली.

हे वाद्य गिटार म्हणवते खरे, पण ते छातीशी धरावयाचे नव्हे. पायांवर उभे केलेले, अरुंद मेजासारखे दिसते, आणि वादक त्याच्यापुढे शिवणयंत्रापुढे बसावे तसा बसतो, कारण हातांइतकेच काम पायांस असते. बहुधा दहा तारा. उजव्या हाताच्या अंगठ्यास व दोन बोटांस नख्या. डाव्या हातात पोलादाचा जड, गुळगुळीत दंडगोल, आम्ही त्यास बट्टाच म्हणू. डावा पाय तीन पेडलांवर. उजवा पाय आवाज लहानमोठा करण्याच्या निराळ्या पेडलावर. शिवाय गुडघ्यांच्या दोहों बाजूंस चारपाच तरफा. मेजाच्या पोटाखाली पाहिले तर सळया, बिजागऱ्या व तरफांचे असे जाळे, की आमचा विद्यार्थी या वाद्याच्या प्रेमात नक्की वरच्या बाजूने पडला की खालच्या, याचा आम्हांस संशय आहे.

या यंत्राचे प्रयोजन आपल्या स्वरांच्या भाषेत सांगितले तर एका दमात समजते. सर्वांत रूढ अशा जुळणीतील तीन तारा षड्ज, गांधार व पंचम अशा आहेत असे मानावे. पहिले पेडल दाबले की पंचम चढून धैवत होतो; दुसरे दाबले की गांधार चढून मध्यम होतो; षड्ज जागचा हलत नाही. दोन्ही एकदम दाबली तर षड्ज-गांधार-पंचम या मेळाचा षड्ज-मध्यम-धैवत असा मेळ होतो, आणि तो होताना स्वर तुटत नाही. एका मेळातून दुसरा उमलावा तसा ऐकू येतो. पेडले तशीच दाबून ठेवून बट्टा दोन घरे वर सरकविला की पंचम-निषाद-ऋषभ. साध्या भजनाच्या साथीस याहून फार अधिक लागत नाही. जे लागते ते हातापायांचे ऐक्य, आणि तेच येण्यास वर्षे जातात.

वाद उत्पन्न झाला तो यातूनच. तीनचार रविवार ऐकल्यावर मंडळीतील एका वयोवृद्ध वडिलांनी (ख्रिस्ती मंडळ्यांत कारभारी गृहस्थांस वडील म्हणण्याची चाल आहे) त्यास सौम्य शब्दांत सांगितले, "बाळ, आधी शीक, मग ये. देवाच्या घरी कच्चे आणू नये." तरुण आमच्याकडे आला. "सर, शिकायला जाऊ कुठे? हे शिकविणारा एक माणूस मला पुण्यात सापडला नाही. घरी एकट्याने वाजविले तर चूक कळत नाही. लोक गाऊ लागले की कळते." दोघांचेही म्हणणे आम्हांस मनापासून पटले, आणि दोन परस्परविरुद्ध गोष्टी पटल्या की लिहावयास बसावे, ही आमची जुनी खोड आहे.

आमच्या काही वाचकांस वाटेल की ख्रिस्ती उपासनेतील साथीचा हा वाद आपल्या घरात कशाला? त्यांस एवढेच सांगणे, की ज्या घरात लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेत, आणि सुशिक्षित मराठी घर ते असल्याशिवाय पुरे होत नाही, त्या घरात हा विषय पूर्वीच येऊन बसलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे करजगावी १८६१ साली जन्मले, १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी आयुष्यातील मोठे काम केले. त्यांच्या पूर्वी मिशनच्या देवळांत बहुतेक विलायती चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हणत. मराठी शब्द त्या चालींत उसन्या अंगरख्यातल्यासारखे दिसत. एतद्देशीय चालींची भजने व ख्रिस्ती कीर्तने नगरकडे सुरू झाली होती. टिळकांनी त्या ओघास कवीची वाणी दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, आणि त्यांची 'अभंगांजली' पाहिली म्हणजे पूल ओलांडल्यावरही त्यांनी तो मोडला नाही याची खात्री पटते. त्याच्याही मागे, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचिले ते ओवीतच. तेव्हा मराठी ख्रिस्ती गायनात शब्द पहिला, चाल दुसरी व वाद्य तिसरे, असा क्रम परंपरेने ठरलेला आहे. वडिलांच्या आक्षेपामागे हा क्रम उभा होता. ते केवळ नव्याचे द्वेष्टे नव्हेत.

परंतु या परंपरेत एक तोटाही मुरलेला आहे, आणि त्याचे नाव पेटी. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये सिद्ध झाले व पुढे मिशनऱ्यांच्या सामानातूनही इकडे आले. येथे आल्यावर ते देवळाच्या भिंती ओलांडून कीर्तनात, भजनी मंडळात, संगीत नाटकाच्या रंगपटात सर्वत्र शिरले. शिरले हे स्वाभाविकच होते: उचलावयास सोपे, शिकावयास सोपे, आवाज मोठा. पण पेटीच्या पट्ट्या बारा, आणि त्या ठाम. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला ठाऊक नाही. भजनाची चाल गाणाराच्या गळ्यात जेथे गांधारावरून ऋषभावर घसरत उतरते, तेथे पेटी दोन पायऱ्या धडधड उतरून मोकळी होते. या कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली पेटी बाहेर काढली आणि १९७१ पर्यंत तिला आत घेतले नाही. तो बंदीहुकूम आम्हांस अतिरेकी वाटतो, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती. दिघीच्या त्या तरुणाचे आजोबा पेटी वाजवीत. नातू बट्टा हाती घेऊन बसला आहे. आजोबांच्या पेटीला जे येत नव्हते नेमके ते, म्हणजे गळ्यासारखे घसरणे, नातवाच्या वाद्यास येते. त्यास ते चांगले साधले तर टिळकांच्या भजनातील जी गोष्ट शतकभर साथीत हरवली ती परत येईल. वाईट साधले तर बेसूर ओरडणे होईल. पेटीवर चुकीची पट्टी दाबली गेली तरी ती पट्टी स्वतः सुरात असते; बट्ट्याला मात्र चुकण्यास जागाच जागा. तेव्हा आमच्या मते पणास लागले आहे ते एवढे, आणि ते थोडे नव्हे.

हे वाद्य परके आहे, असाही एक आक्षेप मंडळीत निघाला. येथे मात्र आमच्यातील संस्कृताच्या शिक्षकास गप्प बसवत नाही. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे काश्मिराहून दक्षिणेत आलेले, व त्याचे स्वतःचे काम श्रीकरणाधिपाचे, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचे. (पोट हिशेबावर व जीव संगीतावर, ही जात जुनीच आहे, चाकणच्या कारखान्यात ती आज यंत्रे दुरुस्त करते.) त्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सहाव्या, वाद्याध्यायात वीणांत अग्रमान दिला आहे एकतंत्रीस. तिला तार एक, पडदा एकही नाही. आणि डाव्या हातात वेळूची एक कांब धरून ती तारेवर सरकवीत स्वर काढावयाचे. त्या कांबेस ग्रंथकाराने कम्रिका म्हटले आहे. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद; दिघीहून मोटारीने एका दिवसात जाऊन यावे इतके जवळ. ज्या तत्त्वावर पोलादी बट्टा चालतो त्याचे शास्त्र आपल्या मुलखात सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. पुढे दक्षिणेत याच जातीच्या गोट्टुवाद्यास तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांनी प्रतिष्ठा दिली. नावातच मराठीपणाची खूण आहे. यावरून गिटारीचा बट्टा आपणच जगास दिला असे मात्र कोणी समजू नये. हल्ली प्रत्येक वस्तूचा उगम आपल्या परसात काढून दाखविण्याची हौस बोकाळली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

पोलादी बट्ट्याची जन्मभूमी हवाई बेटे होत. तेथे गिटार आली ती एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकोकडून गुरे राखण्यासाठी आणविलेल्या घोडेस्वारांबरोबर. तिच्यावर बट्टा फिरविण्याचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यास देतात. हा १८७४ साली ओआहू बेटावरील लाइए गावी जन्मला. शाळकरी वयातच चाकूची पाठ, कंगवा असे काहीबाही तारांवर घासून पाहून शेवटी त्याने पोलादाचा दांडा घडविला असे सांगतात. त्याच्याही आधी, हिंदुस्थानात जन्मलेल्या व एका जहाजावरून तेथे पोचलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नामक मुलाने ही युक्ती दाखविली, अशी एक आख्यायिका तिकडे आहे. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. आम्हांस त्याहून नवलाची वाटते ती एक साधी, कागदोपत्री असलेली गोष्ट. अमेरिकेत १८१० साली स्थापन झालेल्या ज्या मिशन बोर्डाची माणसे १८१३ साली मुंबईस उतरली व १८३१ साली नगरास ठाणे करून बसली, त्याच बोर्डाची माणसे १८२० साली हवाई बेटांवर उतरली. नगरकडे त्यांच्या गीतांचे भजन झाले. हवाईत त्यांच्या गीतांस 'हिमेनी' हे नाव पडले आणि त्यांतून त्या लोकांचा सामुदायिक गायनाचा मोठा प्रवाह निघाला. पुढे त्याच प्रवाहाच्या काठी केकुकूचा बट्टा सरकू लागला. एका घरच्या दोन मुली दूरदेशी दिल्या, आणि दोनशे वर्षांनी त्यांची पणतवंडे दिघीच्या प्रार्थनामंदिरात एका गीतावर भेटली, असा हा योग आहे.

मधला प्रवास थोडक्यात सांगतो. सान फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या प्रदर्शनानंतर हवाई गिटारीचे वेड अमेरिकाभर पसरले. विजेची पहिली यशस्वी गिटार १९३० नंतरच्या एकदोन वर्षांत निघाली, तीही मांडीवर आडवी ठेवून बट्ट्याने वाजविण्याचीच. तिला पेडले जोडण्याचे प्रयत्न १९४० च्या आगेमागे झाले. आणि बड आयझक्स याने १९५३ साली एका गीताच्या साथीत तार वाजत असताना पेडल दाबून स्वर वाकविला, तेव्हापासून हा उमलणारा मेळ या वाद्याची ओळख होऊन बसला. आपल्याकडे हवाई गिटार बंगालात घरोघर गेली. लखनौच्या ख्रिस्ती घराण्यातील व्हॅन शिप्ले यांनी ती हिंदी चित्रपटांत गाजविली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी (१९३७-२०१८) तिच्यावर रीतसर रागसंगीत वाजवून दाखविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ सालची ध्वनिमुद्रिका आजही घराघरांत आहे. पुढे विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आली व १९९४ साली तीस ग्रॅमीचा मान मिळाला. पेडलांचे वाद्य मात्र आपल्याकडे विरळाच. त्यामुळेच आमच्या विद्यार्थ्यास गुरू सापडेना.

आता एक बारीक गोष्ट, पण तिने आम्हांस फार आनंद दिला. वाद्य जुळविताना हा तरुण गांधाराची तार यंत्राच्या काट्यावर बरोबर न ठेवता किंचित उतरवून ठेवी. आम्ही विचारले, हे काय? म्हणाला, या वाद्याचे बहुतेक जाणते वादक असेच करतात. काट्यावरचा गांधार मेळात टोचतो. आम्ही त्यास आमच्या जुन्या तंबोऱ्यापुढे बसविले. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, ज्यास आपले लोक स्वयंभू गांधार म्हणतात, तो पेटीच्या किंवा पियानोच्या गांधाराहून थोडा उतरलेला असतो. कारण असे, की पियानोचे बारा स्वर व्यवहाराच्या सोयीसाठी समान अंतरांवर ओढून बसविले आहेत; तारेचा नैसर्गिक गांधार षड्जाच्या कंपनांच्या सव्वापट. मुलाने आपली उतरलेली तार छेडली. ती तंबोऱ्यात विरघळून गेली. अमेरिकेतील वादक कानाने ज्या गांधारापर्यंत पोचले तो आपल्या तंबोऱ्यात बसूनच होता. दिघीच्या उपासनेत मात्र या गांधारास कळफलकाच्या वाद्याशी भांडावे लागते, आणि भांडण ऐकू आले की लोक नवशिक्याकडे पाहतात, कळफलकाकडे कोणी पाहात नाही.

तरीही नवशिक्याचे खरे दोष होतेच. ते लपविण्यात अर्थ नाही. बट्टा घराच्या रेघेच्या बरोबर वर हवा. बसणाराची नजर तिरकी पडते, म्हणून तो हटकून थोडा खाली किंवा वर राही. एक तार वाजविल्यावर आधीची तार हाताच्या कडेने मुकी करावी लागते. ते न साधल्याने तीनचार स्वर एकमेकांच्या अंगावर पडत. आणि आवाजाच्या पेडलाने स्वर हळुवार फुलवावयाचा, ते तो भात्यासारखे दाबी. पण सर्वांत मोठा दोष हाताचा नव्हता, मनाचा होता: हाती आलेली जागा तो रिकामी सोडीत नसे. लोक गात असतानाही याची मींड चालूच. शब्द बुडत. मंडळीतील म्हाताऱ्या बायांस टिळकांची भजने तोंडपाठ, म्हणून त्यांचे अडत नसे. पण नव्याने मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय शिपायांचे अडे. वडिलांची तक्रार ऐकताना ही शेवटची गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने झुकलो.

झुकलो, पण पुरते वळलो नाही. कारण उपासनेत बसूनच हे वाद्य शिकलेली एक सबंध परंपरा जगात आहे. अमेरिकेत मेरी मॅग्डलीना ट्यूट नव्हे, टेट, या बाईंनी १९०३ साली स्थापिलेल्या कृष्णवर्णीयांच्या एका पंथात (त्याच्या देवळांस 'हाउस ऑफ गॉड' म्हणतात) १९३० नंतरच्या दशकात ट्रोमन ईझन नावाच्या गृहस्थाने हवाईच्या एका शिक्षकाकडून शिकलेली स्टील गिटार आणली. त्याचा धाकटा भाऊ विली ईझन (१९२१-२००५) याने ती हवाई धाटणी सोडून दिली व तारेतून मंडळीतील गाणाऱ्यांचा गळा काढण्याचा हट्ट धरला. म्हणे, ओळ लोकांनी गावी आणि पुढची तारेने. तेव्हापासून त्या देवळांत ऑर्गनची जागा स्टील गिटारीने घेतली. पुढे पेडलांचे वाद्य आले. साठ वर्षे बाहेरच्या जगास याची वार्ताही नव्हती. १९९० नंतर फ्लॉरिडातील लोकविद्येच्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा ती झाली. न्यू जर्सीतील ऑरेंज गावच्या अशाच देवळात वाढलेला रॉबर्ट रँडॉल्फ, जन्म १९७७, आज जगभर ऐकला जातो. तेथे पोरे वादकाच्या पाठीशी बसून शिकतात, आणि उपासना चालू असतानाच त्यांच्या हाती वाद्य येते. 'आधी शीक, मग ये' हा नियम त्या लोकांनी लाविला असता तर शिकण्याचे ठिकाणच उरले नसते.

आपल्याकडे दोन्ही रीती आहेत. गवयाच्या घरी शिष्य वर्षानुवर्षे तंबोरा छेडतो व मैफलीत तोंड उघडावयाचे नाही अशी त्यास आज्ञा असते. उलट दिंडीत टाळकऱ्याची परीक्षा कोण घेतो? सहा वर्षांचे पोर बापाचे बोट सोडून टाळ हाती घेते. त्याचा चुकलेला ठोका शंभर टाळांत बुडतो, आणि दोनचार वाऱ्यांत तो चुकेनासा होतो. आम्ही हा दाखला वडिलांपुढे ठेविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व एकच प्रश्न विचारिला: "गुरुजी, टाळ ठीक आहे, पण दिंडीत पखवाज नवशिक्याच्या गळ्यात घालतात काय?" नगरकडच्या या म्हाताऱ्याने वारी जवळून पाहिली असावी. पखवाज एक, आणि साऱ्या दिंडीचे पाऊल त्यावर. तो चुकला की सगळे चुकले. विजेच्या जोराने घुमणारी गिटार ही पखवाजाच्या जातीची, टाळाच्या नव्हे. तेव्हा प्रश्न नवशिक्यास बसू द्यावे की नाही हा नसून त्याच्या पखवाजाचा टाळ कसा करावा हा आहे, असे आम्ही म्हटले, व तेथून बोलणे सरळ झाले.

पाळकांच्या घरी चहावर ठरले ते असे. आवाजाचा डबा मागच्या भिंतीशी, गाणाऱ्यांच्या गळ्याहून खाली राहील इतका. ओळ चालू असता तारेस हात नाही. ओळ संपून लोक श्वास घेतात तेवढीच जागा त्याची, आणि तीत जे गायिले गेले तेच, नवे काही नाही. अर्पण गोळा करताना जी तीनचार मिनिटे कोणी गात नाही, ती मात्र पुरी त्याची. तेव्हा वाटेल तितके चुकावे. कळफलक त्या भजनांपुरता बंद, नुसता तंबोऱ्याचा षड्ज. ही सूचना आमची, आणि ती मान्य झाल्याचा आम्हांस थोडा अभिमान आहे. तरुणाने घरी आठवडाभर प्रत्येक भजन आधी तोंडाने म्हणावे, शब्द पाठ नसलेले वाजवू नये, ही अट वडिलांची. आणि आमच्या सूचनेहून ती शंभरपट शहाणी.

त्याप्रमाणे सहा रविवार झाले. चाकणची रात्रपाळी संपवून, तांबारलेल्या डोळ्यांनी, तो सकाळी पंधराएक किलोंचे ते धूड जिन्यावरून उतरवितो. परवा दोन ओळींच्या मधल्या जागेत त्याच्या बट्ट्याने गांधारावरून ऋषभावर असा काही उतार घेतला की पेटीवाल्या गृहस्थाने आपला भाता क्षणभर धरून ठेविला. लगेच पुढच्या ओळीस तोच बट्टा रेघेच्या खाली राहून चांगलाच बेसूर झाला, आणि पुढल्या बाकावरील मुले हसली. वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नाताळपर्यंत त्याने तीनच भजने वाजवावी असे ठरले आहे. चौथे त्याने गेल्या रविवारी मागून पाहिले. वडिलांनी नाही म्हटले, व तीनांपैकी दुसऱ्याचे शेवटचे कडवे त्यास तिथेच म्हणून दाखवावयास लाविले. ते त्यास येत नव्हते.